गोल्डफिश आजारी पडले आणि पाणी तपासायला मी कुठेकुठे फिरले: माझा अनुभव

मासा आजारी पडला की आधी पाणी तपासा, हे जो तो सांगतो. आमच्यासारख्या गावात ते तपासायचं कुठे, हे मात्र कोणी सांगत नाही. कोकणात विहिरीच्या पाण्यावर मासे पाळणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून हे लिहिते आहे. आणि माझा राग अजून गेलेला नाही, तेही एक कारण आहे.

आमचं गाव दापोली तालुक्यात, खाडीच्या अंगाला. पडवीत तीन फुटी टाकी आहे, साधारण सव्वाशे लिटरची. त्यात ओरांडा जातीचे दोन गोल्डफिश होते. तांबडी ती पायरी आणि पांढऱ्या अंगावर तांबडा माथा असलेला तो टोपीवाला. नावं मुलीने ठेवलेली. वर्षाच्या वर दोघं ठणठणीत होते. श्रावणात एकदम बिनसलं. पायरी पर अंगाला चिकटवून खालच्या कोपऱ्यात बसून राहायला लागली. टोपीवाल्याच्या शेपटीत बारीक लाल रेघा उमटल्या. मी टाकीजवळ आले की दोघं काचेशी धाव घ्यायचे, तेही थांबलं.

जिथून मासे आणले त्या दुकानदाराला फोटो पाठवला. लगेच उत्तर आलं, "व्हाईट स्पॉट आहे. निळं औषध टाका, तीन दिवसांत बरा." टोपीवाल्याच्या कल्ल्यांच्या झाकणावर पांढरे ठिपके होते खरे, पण फक्त तिथेच, आणि छातीजवळच्या परांच्या पुढच्या कडेवर एका ओळीत. असे ठिपके नराला विणीच्या दिवसांत येतात. खरा व्हाईट स्पॉट मिठाच्या कणासारखा अंगभर, शेपटीवर, कसाही विखुरलेला दिसतो आणि मासा दगडावर अंग घासत सुटतो. हा फरक ओळखायला शिका. निळं औषध म्हणजे मिथिलीन ब्लू. ते टाकीत ओतलं की फिल्टरमधले उपयोगी जिवाणूही मरतात. मी ते ओतलं नाही.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर भले निघाले. म्हणाले, "ताई, आमच्याकडे गाई-म्हशी, शेळ्या, कुत्री येतात. माशावर मी हातात काही देणार नाही. पण पाण्यातला अमोनिया बघून घ्या." इतक्या सगळ्या फिरण्यात सुरुवातीलाच मिळालेला हा एकच नेमका सल्ला.

अमोनिया कशासाठी, तर मासा तो कल्ल्यांवाटे सतत पाण्यात सोडत असतो आणि गोल्डफिश खादाड असल्यामुळे जरा जास्तच सोडतो. फिल्टरच्या स्पंजात वाढलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट त्यामानाने निरुपद्रवी, पाणी बदललं की कमी होतं. अमोनिया आणि नायट्राइट मात्र शून्यच हवेत. डोळ्यांना यातलं काही कळत नाही. आमच्या टाकीचं पाणी अगदी नितळ होतं, वासही नव्हता. बऱ्याच घरांत टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचं ते पेनासारखं यंत्र असतं. त्याने अमोनिया कळत नाही, त्याच्या भरवशावर राहू नका.

तर मी टाकीतलं पाणी काठोकाठ भरलेल्या बाटलीत घेतलं आणि एसटीने शहरातल्या एका पाणी तपासणी प्रयोगशाळेत गेले. नाव लिहीत नाही.

खिडकीवरच्या माणसाने आधी घड्याळ दाखवलं. नमुने अकरापर्यंतच घेतात. आमची सकाळची गाडी पोचते सव्वाअकराला. "आधीच्या गाडीने यायचं, मॅडम." आधीची गाडी नाहीच, हे सांगून उपयोग झाला नाही. दुसऱ्या खेपेला शेजारच्या मुलाच्या मोटरसायकलवर पावसात भिजत वेळेत पोचले. तेव्हा फॉर्म मिळाला. त्यात "पाण्याचा स्रोत" असा रकाना होता: विहीर, बोअर, नळ, इतर. मी "इतर"वर खूण करून पुढे लिहिलं, "माशांची टाकी". त्याने लाल पेनने ते खोडलं.

"इतर म्हणजे टँकर."

"पण फॉर्मवर इतर लिहिलंय ना? टँकर तर लिहिलेलं नाही."

"पिण्याचं पाणीच घेतो आम्ही. माशाचं पाणी कोण पितं?"

मी म्हटलं, मासा त्यातच राहतो, श्वासही त्यातच घेतो. मागे उभ्या असलेल्या एका काकांनी मध्येच सांगितलं, "अहो, पन्नास रुपयाचा मासा, मेला तर दुसरा आणा." खिडकीवरचा माणूस मान डोलावत होता. त्या काकांना मी तिथेच सांगितलं आणि इथेही लिहिते, की नीट ठेवला तर गोल्डफिश दहा-पंधरा वर्षं जगतो. घरात ज्या जिवाला आपण रोज नावाने हाक मारतो त्याची किंमत दुकानातल्या पावतीवरून ठरत नाही.

टाकीचं नको तर निदान ज्या विहिरीचं पाणी टाकीत घालते ते तरी तपासा, म्हटलं. ते चालणार होतं. पण त्यासाठी बाटली त्यांचीच हवी आणि विहीर कोणाची यावर ग्रामसेवकांची सही हवी. बाटली मिळाली, सहीसाठी परत गावात. ग्रामसेवक बैठकीला गेलेले. ते आले, सही झाली, पुन्हा भल्या सकाळी निघून नमुना दिला, पूर्ण फी भरली, पावती घेतली. "रिपोर्ट आठवड्याने."

त्या आठवड्यात टोपीवाला गेला. सकाळी फिल्टरच्या नळीशी आडवा पडलेला दिसला. मुलीने स्वतः त्याला परसात, अबोलीच्या आळ्यात पुरलं.

रिपोर्ट हातात आला तेव्हा मी तो खिडकीसमोरच वाचला. खाली शिक्का: "पिण्यास योग्य". वर रकाने ओळीने भरलेले, आणि जिथे "अमोनिया" छापलं होतं तिथे आडवी रेघ.

"इथे आकडा का नाही?"

"त्याचं रसायन संपलंय. मागणी पाठवलीय."

"मग फी पूर्ण का घेतलीत?"

"फी एकच असते, मॅडम. रकान्याप्रमाणे नसते."

"मी पहिल्या दिवसापासून अमोनियाच विचारतेय. त्याच दिवशी सांगता आलं नसतं?"

यावर त्याने माझ्या मागच्या माणसाचा फॉर्म मागितला. मला आजही कळत नाही, जे तपासता येत नाही ते येत नाही म्हणून सांगायला काय लागतं? एका वाक्याने माझ्या सगळ्या खेपा वाचल्या असत्या. त्या दिवसांत मी घरी थांबून रोज थोडंथोडं पाणी बदलत राहिले असते, तर कदाचित टोपीवाला आज असता. चिडून बोलते आहे, पण बोलणारच.

पुढचं सगळं भराभर झालं. आमच्या वाडीतल्या एकांचा भाचा रत्नागिरीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकतो. सुट्टीला आला होता. त्याच्याकडे थेंबांचं टेस्ट किट होतं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर त्याने काचेच्या नळीत टाकीचं पाच मिलिलिटर पाणी घेतलं, दोन बाटल्यांतले थेंब मोजून टाकले, नळी हलवली आणि ठेवून दिली. पाच मिनिटांत पिवळं पाणी गडद हिरवं झालं. "मावशी, पिवळंच राहायला हवं होतं." मग पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा; तो जितका कमी तितकं पाणी जास्त आम्ल. त्याचा रंग कार्डावरच्या सगळ्यात खालच्या, सहाच्या चौकटीशी जुळला. तिसरी चाचणी अल्कलिनिटीची, म्हणजे आम्ल मारायची पाण्याची ताकद किती त्याची. त्यात पाणी निळ्याचं पिवळं व्हायला जितके जास्त थेंब लागतील तितकं बरं. आमचं पहिल्याच थेंबाला पिवळं झालं. कार्ड दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर धरून बघा. पिवळ्या दिव्याखाली रंग फसवतात.

मग त्याने तो रिपोर्ट मागून घेतला आणि अल्कलिनिटीच्या रकान्यावर बोट ठेवलं: लिटरला १८ मिलिग्रॅम. पिणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही, पण आजाराचं मूळ तिथेच होतं. आपलं पाणी जांभ्यातून झिरपतं, त्यात चुना जवळजवळ नसतो, आणि पावसाळ्यात विहीर तुडुंब भरली की उरलासुरलाही पातळ होतो. जिवाणू अमोनिया पचवताना आम्ल तयार करतात. ते आम्ल मारायला अल्कलिनिटी खर्च होते, एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे साधारण सात मिलिग्रॅम. ती संपली की पीएच कोसळतो. पीएच सहाच्या आसपास आला की जिवाणूंचं काम जवळपास थांबतं, आणि अमोनिया साठत जातो.

उपाय घाईने करायचा नाही, हे त्याने बजावून सांगितलं. कमी पीएचमध्ये बहुतेक अमोनिया कमी विषारी रूपात असतो. पीएच एका अंकाने वर गेला की विषारी हिस्सा जवळजवळ दहापट होतो. एकदम सोडा ओतला तर मासा बरा व्हायच्या ऐवजी तासाभरात जाईल. म्हणून आधी रोज पाण्याचा पाचवा हिस्सा बदलून अमोनिया खाली आणायचा आणि त्या नव्या पाण्यातूनच खाण्याचा सोडा चिमटीचिमटीने द्यायचा. पुरता हिशोब शंभर लिटरला साधारण तीन ग्रॅम, म्हणजे चहाचा अर्धा चमचा. त्याने अल्कलिनिटी लिटरमागे अठराएक मिलिग्रॅमने वाढते. बेकिंग पावडर नव्हे, सोडाच. आणि पायरीचं खाणं पहिले काही दिवस बंद. तेवढ्या दिवसांच्या उपासाने गोल्डफिश मरत नाही. खाल्लं की अमोनिया मात्र वाढतो.

कायमचा उपाय आपल्या घरातलाच आहे. जेवणात तिसऱ्या (शिंपल्यात राहणारे खाडीतले जीव) केल्या की शिंपले टाकून देऊ नका. पाण्यात उकळून, घासून, वाळवून, जाडसर ठेचून जाळीच्या पिशवीत भरा आणि फिल्टरमध्ये ठेवा. मसाल्याचा, तेलाचा अंश राहता कामा नये. पाणी आम्लाकडे झुकलं की शिंपले विरघळतात, पाणी सुधारलं की विरघळणं मंदावतं, त्यामुळे जास्त झाले तरी धोका नाही. माझी पिशवी अजून तीच आहे, अधूनमधून मूठभर भर घालते.

अमोनिया उतरताना मध्ये नायट्राइट चढलं. तेव्हा खडेमीठ दिलं, लिटरला एक ग्रॅम, तांब्यात विरघळवून, हळूहळू. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. मीठ पाण्याच्या वाफेबरोबर उडून जात नाही, पाणी बदललं तरच कमी होतं. तेव्हा जेवढं पाणी काढाल तेवढ्यापुरतंच नवं मीठ.

पायरीच्या परांच्या कडा काळ्या पडायला लागल्या तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. पण ती जखम भरल्याची खूण होती. पुढे काळेपणा आपोआप गेला. आता मी टाकीजवळ गेले की ती पूर्वीसारखी काचेशी येते.

आठवलं तसं आणखी लिहिते. पावसाळ्यात विहिरीत टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पूड) पडते, ती पडायलाच हवी, पण त्या दिवसांतलं पाणी थेट टाकीत घालू नका. पिंपात दिवसभर उघडं ठेवा किंवा अँटिक्लोरीनचे थेंब टाका. स्पंज नळाखाली कधीच धुऊ नका, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. लाईट गेली तर बॅटरीवरचा एअर पंप लावा. तो नसेल तर तांब्याने पाणी उंचावरून ओतत राहा. आपल्याकडच्या गरम पाण्यात मुळातच प्राणवायू कमी मावतो. आणि किट घेताना बाटल्यांवरची मुदत बघा, जुन्या रसायनाचे रंग खोटे येतात. महागडं वाटलं तर वाडीत दोघातिघांनी मिळून घ्या.

प्रयोगशाळेला मी लेखी अर्ज दिला आहे: जी तपासणी होत नाही ती फी घेण्याआधी खिडकीवर लिहून लावावी, अमोनियाचं रसायन आलं की कळवावं, आणि "इतर"मध्ये काय काय येतं तेही फॉर्मवर छापावं. पोच घेतली आहे. उत्तर अजून आलेलं नाही. सोमवारी पुन्हा जाणार आहे, अकराच्या आत.