पट्ट्यांचा पलंग आणि वखारीतलं 'सुकेल' लाकूड

पट्ट्यांचा पलंग घरी करायला फार सुतारकी लागत नाही. घोडं अडतं ते वखारीत. "सुकेल शे भाऊ, लई जा," म्हणजे वाळलेलं आहे, घेऊन जा, हे वाक्य आता ऐकलं तरी माझं डोकं फिरतं. जळगावात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. त्या उन्हात फळी वरून चार दिवसांत खडखडीत होते, पोटात मात्र ओलीच राहते.

ओलावा मोजायचं मीटर असलं तरी वरवर टोचतात. ताज्या कापावर टोचा म्हटलं की तोंडं वाकडी होतात. मीटर नसेल तर फळीच्या मधून बोटभर तुकडा कापून घ्या. टोकाचा नको, टोक आधी सुकतं. घरच्या काट्यावर तोला आणि ओव्हनमध्ये १०० अंशांच्या थोडं वर, वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवा. १०० ग्रॅमचा तुकडा ८४ वर थांबला तर १६ भागिले ८४, म्हणजे १९ टक्के ओलावा. मी १२ च्या वर घेत नाही. लाकूड लांबीत जवळपास आक्रसत नाही, रुंदी-जाडीत आक्रसतं. तीन इंची पाय २० वरून १० टक्क्यांवर आला की एक-दीड मिलिमीटर बारीक होतो. तेवढ्यानं बोल्ट ढिला पडतो आणि कूस बदलली की पलंग कुरकुरतो.

ओलं निघालं तर फळ्यांमध्ये इंचभर जाडीच्या काड्या देऊन सावलीत रचा, टोकांना ऑइलपेंट लावा, वर वजन ठेवा. उन्हात टाकलं तर पिळतंच. दर आठवड्याला एकच फळी तोला. वजन सलग दोनदा तेच आलं की रंधा मारा.

बाकी सोपं आहे. ७२ × ७८ इंची गादीला १५ पट्ट्या. ३ × १ मागितल्या की रंध्यानंतर पावणेतीन × पाऊण उरतात. मध्ये आणि दोन्ही टोकांना साधारण सव्वादोन इंच फट. घनफूट तिथेच काढा: ३ इंच × १ इंच × ६ फूट × १५ भागिले १४४, म्हणजे १.८७५. याचे 'दोन धरा' म्हणतात, धरू नका.

गादीच्या लांबीत मधोमध ३ × २ चा दांडा उभा, म्हणजे तीन इंच उंचीत, आणि त्याला दोन पाय. त्याशिवाय सहा फुटी पट्टी झोळ घेते. बाजूच्या फळ्यांना आतून दीड इंची चौकोनी पट्टी, फेविकॉल आणि दर आठ इंचांना स्क्रू. छिद्र आधी पाडा, नाहीतर सागही फाटतो. बाभूळ पायांना उत्तम, पट्ट्यांना नको; वाळताना पिळते. कोपऱ्यांना प्रत्येकी दोन ८ एमएम बोल्ट, मोठे वॉशर. आवळण्याआधी दोन्ही कर्ण सारखे आहेत का ते मोजा.

हो, बोल्ट पुन्हा आवळायचे ते मे महिन्यातच. कानबाईच्या सणाला पाहुणे येणार म्हणून श्रावणात पाना घेऊन बसू नका; तेव्हा लाकूड फुगलेलं असतं, वॉशर आत रुततो आणि उन्हाळ्यात सांधा पुन्हा ढिला.