वडापावच्या गाडीची अन्न नोंदणी: माझा अनुभव

भांडुप स्टेशनबाहेर आमची वडापावची गाडी आहे. सासऱ्यांनी सुरू केली, आता मी आणि माझे दीर चालवतो. मे 2024मध्ये मानखुर्दला शोरमा खाऊन 19 वर्षांचा मुलगा दगावला. त्यानंतर आमची नेहमीची गिऱ्हाइकंही विचारू लागली, "ताई, लायसन आहे ना?" सासऱ्यांच्या काळात असं कुणी विचारत नसे. मला मात्र तो प्रश्न रास्त वाटला.

एका एजंटने अडीच हजार सांगितले. शेजारचे भुर्जीवाले काका म्हणाले, "अगं, वर्षाला शंभर रुपये फी आहे. मोबाइलवर होतं." खरंच झालं. तेव्हा उलाढाल वर्षाला 12 लाखांच्या आत असली तर नुसती नोंदणी पुरायची. फॉस्कॉस या अन्न परवान्यांच्या सरकारी पोर्टलवर अर्ज भरला, फोटो आणि ओळखपत्र जोडलं, पाच वर्षांचे 500 रुपये एकदमच भरून टाकले. 14 आकडी क्रमांकाचं प्रमाणपत्र आलं, ते लॅमिनेट करून गाडीच्या काचेवर लावलं.

खरं काम पुढेच होतं. स्वच्छतेच्या अटी पाळू, असं आपण अर्जात लिहून देतो. पहिली गेली ती रद्दी. गरम वड्याचं तेल छपाईची शाई ओढून घेतं; पावाच्या बुडाला उलटी अक्षरं उमटलेली मी पाहिली आहेत. आता कोरा कागद वापरतो, महाग पडला तरी.

तेलावरून भाऊजींशी माझं चांगलंच वाजलं. तेल पुन्हा पुन्हा तापवून त्यात साठणारी खराब द्रव्यं, म्हणजे ध्रुवीय संयुगं, 25 टक्क्यांच्या वर गेली की ते वापरायचं नाही, असा 2018पासून नियम आहे. मोजायचं यंत्र आमच्याकडे कुठलं? तेल काळपट, चिकट झालं, वडा सोडायच्या आधीच धूर यायला लागला की कढई रिकामी करायची. कालच्या तेलात नवं ओतायचं नाही. भाऊजी म्हणाले, "वहिनी, परवडणार नाही." हिशोब मांडून दाखवला तेव्हा तयार झाले. घाणा लहान घेतला की तेलही कमीच लागतं.

सगळ्यात अवघड पाणी. वडा उकळत्या तेलातून निघतो, हिरवी चटणी कच्चीच असते. ती मी घरी उकळून गार केलेल्या पाण्यात वाटते, थोडी थोडी आणते आणि उरली तर टाकून देते. गाडीवर तोटीचा पिंप ठेवलाय, त्यात कुणाचा हात बुडत नाही. पण ते पाणी घरून वाहून आणायचं म्हणजे जीव जातो. स्टेशनबाहेर एक नळ मिळाला तर इथल्या सगळ्या गाड्यांच्या निम्म्या अटी सहज पाळल्या जातील, हे मी भेटेल त्याला सांगते.

आणखी एक. ही नोंदणी झाली म्हणजे फुटपाथवर उभं राहायचा हक्क मिळाला, असं समजू नका. त्यासाठी फेरीवाल्यांचा 2014चा कायदा वेगळा, विक्री प्रमाणपत्र वेगळं. मुंबईत त्या वर्षीच्या फेरीवाल्यांच्या सर्वेक्षणात 99 हजारांच्या आसपास अर्ज आले, पात्र ठरले साधारण 32 हजार. गाडी उचलायला आले की अन्न नोंदणीचा कागद कामाला येत नाही. म्हणून धंदा जुना असल्याचा पुरावा राहावा यासाठी सर्वेक्षणाच्या अर्जाची पोच आणि दंडाच्या जुन्या पावत्या वेगळ्या फाइलीत ठेवा. आम्ही सासऱ्यांच्या नावाच्यासुद्धा जपून ठेवल्या आहेत.