साडेबारा सेंटिमीटरचा काप

काळी इराणी चादोर, म्हणजे डोक्यापासून पायांपर्यंत झाकणारं वस्त्र, जमिनीवर पसरली की एक मोठं अर्धवर्तुळ दिसतं. त्रिज्या साधारण १५० सेंटिमीटर, म्हणजे सरळ कड ३ मीटर. बाही नाही, बटण नाही, मुंढा नाही. सरळ कडेचा मध्य कपाळावर येतो, तिथे आतून इलॅस्टिक लावलेलं असतं, आणि पुढच्या दोन बाजू हाताने धरून ठेवायच्या. हात अडकले असतील तर दातांत.

त्या मध्यबिंदूवरून १२.५ सेंटिमीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळ कापून काढलं, की साधारण ३९ सेंटिमीटरचा गळा तयार होतो. तीच चादोर मग खांद्यांवर बसते. पुढून उघडी, डोकं मोकळं, पायघोळ असा झगा होतो. कापून टाकलेला तुकडा अगदी छोटा, आणि तो नेमका केसांवर बसणारा.

बर्लिन, पॅरिस, लंडन, लॉस एंजेलिस इथे निर्वासित इराणी शिवणकाम करणारे कपड्यांच्या सक्तीविरुद्ध जे करतात, त्याचं मर्म मला या कापात दिसतं. घोषणा छापलेला टी-शर्ट लांबून वाचता येतो म्हणून त्याचे फोटो जास्त फिरतात. पण सक्तीचा कपडा उसवून, त्याच कापडातून दुसरं काही बेतणं हा जास्त खोलवरचा विरोध आहे, आणि त्याला शिवणकाम चांगलं यावं लागतं. भारतातल्या बातम्यांत हा भाग जवळजवळ येतच नाही.

इराणात बाईच्या अंगावरचं कापड नव्वद वर्षं सरकारी विषय आहे. ८ जानेवारी १९३६ रोजी रझा शाहने चादोरवर बंदी आणली आणि पोलीस रस्त्यात बायकांच्या डोक्यावरून ती ओढून काढू लागले. ७ मार्च १९७९ रोजी खोमेनींनी बायकांनी सरकारी कार्यालयांत डोकं झाकूनच यावं असं सांगितलं. दुसऱ्याच दिवशी, महिला दिनी, तेहरानमध्ये हजारो बायका रस्त्यावर आल्या. तरीही १९८० मध्ये कार्यालयांत सक्ती झाली आणि १९८३ मध्ये कायद्यात ७४ फटक्यांची शिक्षा आली. पुढच्या दंडसंहितेत १० दिवस ते २ महिने कैद किंवा दंड अशी तरतूद झाली. १६ सप्टेंबर २०२२ रोजी महसा जिना अमिनी या २२ वर्षांच्या कुर्द तरुणीचा पोलीस कोठडीनंतर मृत्यू झाला, तो याच नियमाच्या अंमलबजावणीपायी.

चादोर न घेणाऱ्या बाईसाठी रस्त्यावरचा कपडा म्हणजे मांतो, हा गुडघ्यापर्यंतचा कोट, आणि वर रुसरी, म्हणजे चौकोनी रुमाल. शाळा-कार्यालयांत रुमालाऐवजी मघनाए, हनुवटीखाली शिवून बंद केलेलं डोक्याचं आवरण. ऐंशीच्या दशकात रंग काळा, गडद निळा, तपकिरी, राखाडी एवढेच. शिंप्यांनी वाट काढली ती मापांतून. मांतो आखूड झाला, मग अंगाबरोबर बसू लागला, आणि २०१०च्या दशकात पुढून पूर्ण उघडा, बिनबटणांचा मांतो आला. शिवायला तो दिसतो तितका सोपा नाही. बटण नसलं की पुढची कड चालताना उलटते. म्हणून आतून ८ ते १० सेंटिमीटरची पट्टी, तिला चिकट कॅनव्हास, आणि खालच्या कोपऱ्यात जराशी वजनदार साखळी किंवा नाणं लागतं. पोलीस दिसले तर पटकन मिटता यावा म्हणून दोन टिचबटणं आत लपवता येतात.

सरकारनेही या क्षेत्रात हात घातला. फॅशन आणि पोशाखाचं 'नियोजन' करणारा कायदा २००६-०७ च्या हिवाळ्यात संसदेत मंजूर झाला, आणि डिझाइनना मान्यता देणारा कार्यगट संस्कृती मंत्रालयाखाली आला. परवान्याबाहेर काम करणाऱ्यांवर मे २०१६ मध्ये 'स्पायडर २' ही कारवाई जाहीर झाली. इन्स्टाग्रामवरून १७० जणांना हेरलं होतं. त्यांत ५८ मॉडेल, ५९ छायाचित्रकार आणि मेकअप करणारे, ५१ डिझायनर आणि फॅशन सलूनचे चालक, आणि दोन संस्था होत्या. आठ जणांना अटक झाली. डिझायनर देश का सोडतात, याला यापेक्षा वेगळं उत्तर शोधायची गरज नाही.

आता पुन्हा कापडाकडे. चादोरचं काळं क्रेप बहुतेक पॉलिएस्टर असतं आणि ते इराणात मुख्यतः जपान आणि दक्षिण कोरियातून येत आलं आहे. त्याचा झगा करताना पहिली चूक गळ्यात होते. अर्धवर्तुळाच्या गळ्याचा काही भाग उरेबात, म्हणजे धाग्यांना तिरका, येतो, कापल्याबरोबर ताणला जातो, आणि ३९ चा गळा तासाभरात ४२ होतो. म्हणून कापण्याआधीच खडूच्या रेषेबाहेर धावदोरा घालायचा, आणि कापल्यावर लगेच न ताणणारी ६ मिलिमीटरची फीत कच्च्या टाक्याने बसवायची. दुसरी चूक घेरात. सरळ कड कापडाच्या लांबीत असल्याने पुढच्या कडा ताठ राहतात, पाठीचा मध्य आडव्या धाग्यावर येतो, आणि दोन्ही बाजूंचा भाग पूर्ण उरेबात लोंबतो. दोन दिवस हँगरवर टांगून ठेवा. बाजू २ ते ४ सेंटिमीटर उतरतात. मग घालणारीला उभं करून जमिनीपासून माप घ्यायचं आणि त्यानंतरच खालची कड दुमडायची. घाईने आधी हेम घातली तर झगा बाजूंना लोळतो आणि पुढून उचललेला दिसतो.

रुसरीचं काम जास्त नाजूक आणि मला जास्त आवडणारं. देश सोडलेल्या बायकांकडे वापरात नसलेले रुमाल पडून असतात. तीन रुमालांचा एक सैल ब्लाउज होतो. ९० सेंटिमीटर चौरसाचे दोन रुमाल पुढचा आणि मागचा भाग. खांद्यावर मध्ये २८ सेंटिमीटर गळ्यासाठी सोडून दोन्ही बाजू जोडायच्या. तिसऱ्या रुमालाचे ४५ चे चार चौकोन करायचे. दोन चौकोन दुमडून बाह्या होतात, मुंढा शिवणीनंतर साधारण २१.५ सेंटिमीटर राहतो. तिसऱ्या चौकोनातून बगलेच्या १० बाय १० च्या दोन कळ्या (हात हलायला जागा देणारे तुकडे) आणि गळ्याची पट्टी. चौथा चौकोन न कापता आतल्या खिशासाठी ठेवतात.

इथे हमखास फसतं ते शिवणीच्या दाबात. रुमालाचं रेशीम पातळ आणि विणीला घसरतं असतं. हात वर केला की शिवण फाटत नाही, पण तिच्या शेजारचे धागे सरकून जाळी पडते. उपाय असा: ६० नंबरची टोकदार सुई, २ मिलिमीटरचा टाका, आणि फ्रेंच शिवण, म्हणजे आधी उलट्या बाजू एकत्र ठेवून ३ मिलिमीटरवर, मग पलटून ५ मिलिमीटरवर. खांद्यावर आणि कळीच्या कोपऱ्यांवर २ सेंटिमीटर रुंद रेशमी ऑर्गंझाची पट्टी आत घालायची. कळी लावली नाही तर ब्लाउज पहिल्याच मोर्चात बगलेत उसवतो. फलक धरलेला हात तासन्‌तास वर असतो. आणि तिन्ही रुमाल आधी वेगवेगळे ३० अंशांवर धुवून घ्यायचेच. एक रेशमी, एक पॉलिएस्टर आणि एक व्हिस्कोस असा संच असेल तर पहिल्या धुण्यात व्हिस्कोस आटतं आणि सगळा कपडा तिरपा होतो. काय आहे ते कळत नसेल तर कडेचे दोन धागे जाळून पाहा. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि राख चुरडते, पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो, व्हिस्कोस कागदासारखं जळतं.

घोषणेचं म्हणाल तर 'झन, झेंदेगी, आझादी' (स्त्री, जीवन, स्वातंत्र्य) ही मूळची कुर्दी घोषणा. २२ ऑक्टोबर २०२२ रोजी बर्लिनच्या मोर्चात पोलिसांच्या अंदाजाने ८०,००० लोक होते आणि ती घोषणा सगळीकडे होती. बरेच टी-शर्ट मात्र चुकीचे छापलेले असतात. फारसी उजवीकडून डावीकडे आणि अक्षरं जोडून लिहितात. छपाईवाल्याचं सॉफ्टवेअर ती जोडणी करत नसेल तर अक्षरं सुटी आणि उलट्या क्रमाने येतात, आपल्याकडे फ्लेक्सवर वेलांट्या आणि जोडाक्षरं फुटतात तसंच. मजकूर वाचणाऱ्याकडून तपासून, रेषांमध्ये रूपांतरित करूनच फाइल द्यायची. भरतकामाच्या यंत्रावर १ मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ टिकत नाही आणि दीड मिलिमीटरखालचे नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, गळून पडतात. नुक्ता गेला की अक्षर बदलतं. नस्तालीक ही तिरकी, वळणदार लेखनशैली छातीवर घ्यायची असेल तर एकूण रुंदी २२ सेंटिमीटरच्या खाली नेऊ नये.

मे २०२३ मध्ये कान चित्रपट महोत्सवात मॉडेल महलाघा जाबेरी यांनी घातलेला काळा गाऊन जिला साबेर यांनी केला होता. गळ्याशी फासाच्या दोराचा आकार आणि घेराच्या काठावर फाशी थांबवा असा इंग्रजी मजकूर. त्याच महिन्यात, १९ मे रोजी, आंदोलनाशी जोडलेल्या खटल्यात इस्फहानमध्ये तिघांना फाशी झाली होती. दाराशी फलक अडवतात, गळा अडवता येत नाही, हे डिझायनरने ओळखलं होतं. असा कपडा बेतताना वजन दोरावर येऊ द्यायचं नसतं. लांब गाऊनचं ओझं मानेवर आलं तर अर्ध्या तासात माना अवघडतात आणि दोराचा आकार ताणून साधा पट्टा दिसू लागतो. म्हणून आत ताठ पट्ट्या (बोनिंग) घातलेली चोळी, कमरेला २५ मिलिमीटरची न ताणणारी फीत, आणि दोर फक्त वरून अडकवलेला.

केसांचंही तसंच. २०२२ नंतर जगभर बायकांनी केस कापले. ती शोकाची जुनी इराणी रीत आहे. फिरदौसीच्या शाहनाम्यात राजपुत्र सियावशच्या हत्येनंतर त्याची बायको फरंगीस केस कापून कमरेला बांधते. कापलेले केस कपड्यावर घ्यायचे तर ते सुईत ओवून कापडातून ओढू नयेत, तुटतात आणि गाठ सुटते. २५ ते ३० सेंटिमीटरच्या बटा ओल्या करून कापडावर ठेवायच्या आणि वरून बारीक रेशमी दोऱ्याने दर ४ मिलिमीटरला टाके घालून धरायच्या.

जुन्या कापडांत सगळ्यात मोलाचं इस्फहानचं घलमकार, म्हणजे ठशांनी छापलेलं सुती कापड. कोरं कापड धुवून डाळिंबाच्या सालीच्या किंवा हिरड्याच्या पाण्यात भिजवतात, त्यातलं टॅनिन धाग्यात बसतं. मग नासपतीच्या लाकडाचे ठसे: लोखंडाच्या क्षाराने काळा, तुरटीने लालची जागा. रुनास, म्हणजे आपल्या मंजिष्ठेच्या जातीचं मूळ, त्यात उकळलं की तुरटी लागलेली जागा लाल होते. निळा आणि पिवळा नंतर. हिरडा इराणात पिकत नाही, तो भारतीय उपखंडाचा. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत आदिवासी कुटुंबं गोळा करतात तोच. अशा कापडाचं जाकीट करताना ते आधी खिडकीशी धरून पाहावं. काळ्या रेघांत लोखंड असतं, ते दशकांनंतर सुताला खातं, आणि नेमक्या बाह्यरेषेवरच कापड चिरतं. मागून मऊ मलमलीचं अस्तर हाताने टाचून घेतलं तर टिकतं. शिवण काळ्या रेघेवर येईल असा बेत कधी करू नये.

नवं घलमकार मिळवणं ही वेगळी अडचण. अमेरिकेत इराणी मालाच्या आयातीला बंदी आहे. गालिच्यांना २०१६ मध्ये मिळालेली सूटही २०१८ मध्ये गेली. जर्मनीत पैसे पाठवताना तपशिलात 'इराण' लिहिलं तरी बँक व्यवहार परत पाठवू शकते. म्हणून बरंचसं काम घरातल्या जुन्या टेबलक्लॉथवर आणि बर्लिनमधल्या मायबाखउफरच्या मंगळवार-शुक्रवारच्या बाजारातल्या साध्या सुती कापडावर चालतं.

कपड्यांवरच्या सक्तीचं इराणमध्ये आणखी एक जुनं पान आहे आणि त्याचा धागा मुंबईशी जोडलेला आहे. यझदच्या झरतुष्ट्री पुरुषांना एकोणिसाव्या शतकात मळकट पिवळे कपडेच घालावे लागत. १८५४ मध्ये मुंबईच्या पारश्यांनी मानेकजी लिमजी हातरिया यांना तिकडे पाठवलं, आणि त्यांच्या दीर्घ खटपटीनंतर १८८२ मध्ये त्या समाजावरचा जिझिया रद्द झाला. तिथल्या बायकांच्या सलवारी अरुंद रंगीत पट्ट्या जोडून, त्यांवर मासे, पक्षी, सरूची झाडं भरून केलेल्या असत. पट्ट्या जोडण्याची ती रीत रुमालांच्या ब्लाउजला उत्तम लागू पडते, विशेषतः रुमाल एकसारखे नसतील तेव्हा.

शेवटी सुरक्षितता, कारण इथे चुकलं तर शिक्षा दुसऱ्याला होते. इराणात राहणाऱ्या कुणी भरतकाम करून पाठवलं असेल तर त्यांचं नाव, गाव, हातांचा फोटो काहीही छापायचं नाही. फोटोत खिडकीबाहेरचं दृश्य, तीळ, टॅटू तपासायचे. फोनवरून चित्र 'फाइल' म्हणून पाठवलं तर त्यात जागेची नोंद तशीच राहते, म्हणून ती आधी काढून टाकायची. मॉडेल देशाबाहेरची असली तरी तिचे आईवडील तिथे आहेत का, हे विचारून मगच चेहरा दाखवायचा. हातकामाच्या वस्तूवर कारागिराचं नाव असावं असा आग्रह आपण भारतात धरतो, आणि तो योग्यच आहे. या कपड्यांच्या लेबलवर मात्र धाग्याचा प्रकार, धुण्याची सूचना आणि शिवलं त्या युरोपातल्या शहराचं नाव एवढंच असतं.