स्वस्तातलं छोटं रिव्हॉल्व्हर घ्यावं का? माझ्या नेमबाजीच्या वहीतून, मार्च ते नोव्हेंबर

मार्च

वडिलांचं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर वारसा हक्कानं माझ्या नावावर चढलं, इथपर्यंत मागच्या खेपेला लिहिलं होतं. त्यानंतर सोलापुरातल्याच एका हत्यारांच्या डीलरचा फोन आला. "मालक, एक छोटं पीस आलंय. पॉइंट टू-टू. सेकंडहँड आहे, पण वापर नाही. पन्नास हजाराच्या आत बसवून देतो. येऊन बघून तरी जावा की."

बघायला गेलो. तळहातात मावेल एवढी वस्तू. वजन इतकं कमी की खेळण्यातलं वाटावं. सिलिंडर बाहेर काढून आत डोकावलो, चेंबर स्वच्छ, नळीत गंज नाही. मन तिथंच घसरलं, खोटं कशाला बोलू! पण मी टॉवेलच्या धंद्यातला माणूस. सूत घेताना कोन हातात घेऊन, धागा ओढून, तोडून बघितल्याशिवाय भाव बोलत नाही. तर म्हटलं, तसलंच एक आपल्या नेमबाजी क्लबच्या परवान्यावर आहे, आधी सहा-आठ महिने ते चालवून बघू, मग ठरवू. डीलरचा चेहरा पडला. कुठल्या बनावटीचं ते मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढं जे लिहिणार आहे ते त्या एका पीसबद्दल नसून या अख्ख्या जातीबद्दल आहे.

नव्यांसाठी थोडी माहिती. आपल्याकडे सामान्य नागरिकाला परवान्यावर मिळणारे हँडगनचे बोअर (नळीच्या आतल्या व्यासाचं माप) म्हणजे मुख्यतः बत्तीस (.३२ इंच) आणि बावीस (.२२ इंच, डीलरचं 'पॉइंट टू-टू'). सरकारी कारखान्यांनी हलक्या रिव्हॉल्व्हरचे प्रयोग बरेच केले. कानपूरचं 'निर्भीक' २०१४ साली आलं, बत्तीस बोअर, वजन अर्धा किलोच्या आसपास आणि किंमत तेव्हाच सव्वा लाखाच्या घरात. नंतर इच्छापूरचं 'निडर' आलं, बावीस बोअर, जेमतेम २५० ग्रॅम, आणि किंमत त्या वेळी ३५ हजारांच्या आसपास. २०२३ मध्ये 'प्रबळ' आलं, ते मात्र ७६ मिमी नळीचं, ७०० ग्रॅमचं, सिलिंडर बाजूला उघडणारं. म्हणजे 'स्वस्त आणि छोटं' म्हटलं की गाडी शेवटी बावीस बोअरवरच येऊन थांबते.

एप्रिल

पहिला दिवस. सकाळी सातला रेंजवर पोचलो, कारण नऊनंतर सोलापुरात एप्रिलमध्ये हातात लोखंड धरवत नाही. १० मीटरवर २५ मीटर प्रिसिजनचं टार्गेट लावलं. त्याचा काळा गोल २०० मिमीचा असतो, म्हणजे एवढ्या जवळून बैलाएवढा दिसतो. पन्नास राउंड झाडले. एकवीस काळ्यात, बाकी पांढऱ्यात, आणि तीन कागदालाच लागले नाहीत. एअर पिस्तुलावर ११.५ मिमीच्या दहाच्या वर्तुळात गोळी बसवायला धडपडणारा मी, तीन गोळ्या कागदाबाहेर घालवून घरी आलो. बायकोनं विचारलं, "कसं झालं?" म्हटलं, "ऊन फार होतं."

शिकवायला आमच्याकडे निवृत्त सुभेदार आहेत. मला ते 'टॉवेलवाले' म्हणतात. त्यांनी कागद हातात धरला, खालच्या डाव्या कोपऱ्याकडे बोट नेलं आणि एवढंच बोलले, "टॉवेलवाले, हे रिव्हॉल्व्हरचं नाही, हे तुमचं आहे."

मे

या महिन्यात गोळी कमी आणि मोजमाप जास्त. उकाड्यात दुसरं करणार तरी काय. सामान तोलायचा हुकवाला डिजिटल काटा घेतला, सिलिंडर रिकामा आहे हे दोनदा बघितलं, सुभेदारांनी तिसऱ्यांदा बघितलं, आणि चापाचा ताण मोजला. डबल अ‍ॅक्शनला, म्हणजे हॅमर (पिन काडतुसावर आपटवणारा मागचा घोडा) मागं न ओढता थेट चाप दाबला तर, ६ किलोच्या जरा वर. सिंगल अ‍ॅक्शनला म्हणजे हॅमर आधी मागं ओढून मग चाप दाबला तर, अडीच किलोच्या आत. वडिलांच्या बत्तीसचा डबल अ‍ॅक्शन ताण ५ किलोच्या आसपास भरला.

बावीसचा चाप बत्तीसपेक्षा जड का, हे मला आधी कळेना. छोटी गोळी, छोटं हत्यार, मग चाप हलका नको का? कारण काडतुसात आहे. बत्तीसच्या काडतुसाला मधोमध प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी छोटी टोपी असते, पिन बरोबर त्यावर बसते. बावीसचं काडतूस रिमफायर, त्याची दारू पेटवणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला. पिनला ती पितळी कड चेचावी लागते, म्हणून हॅमरला जोर लागतो, म्हणून स्प्रिंग कडक, म्हणून चाप जड. चाप हलका व्हावा म्हणून स्प्रिंग नरम करून घेणारे महाभाग आहेत. मग दर सिलिंडरला एक-दोन काडतुसं फुटत नाहीत आणि शिव्या काडतुसाला बसतात.

आता हा हिशेब वजनाशेजारी ठेवा. अर्ध्या किलोच्या आतलं हत्यार आणि त्याच्या चापावर सहा किलोंचा जोर. बोट दाबताना अख्खं हत्यार बोटाबरोबर वळणार नाही तर काय होईल? आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण घेतलं, त्यात चापाचा ताण किमान १ किलो असावा असा नियम आहे आणि पिस्तूल किलोभर वजनाचं असतं. म्हणजे तिथं चाप आणि हत्यार साधारण तोलास तोल, आणि इथं चाप हत्याराच्या बारापट.

दुसरं मोजमाप साइटचं, म्हणजे नेम धरायच्या माशी-खाचेचं. माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा खुंट. पुढची माशी आणि मागची खाच यांच्यातलं अंतर या छोट्यावर ९० मिमी भरलं, वडिलांच्या बत्तीसवर १४०, माझ्या एअर पिस्तुलावर ३२०. माशी खाचेत अर्धा मिलिमीटर सरकली, तर १० मीटरवर गोळी किती सरकते? छोट्यावर साडेपाच सेंटिमीटर, बत्तीसवर साडेतीन, एअर पिस्तुलावर दीड.  हात तोच, चूक तीच, पण छोटं रिव्हॉल्व्हर ती एअर पिस्तुलाच्या साडेतीनपट मोठी करून दाखवतं. साइट पक्की, सरकवायची सोयही नाही. या वस्तू खिशात बसाव्यात म्हणून बनवलेल्या आहेत, कागदावर गोल काढायला नव्हे. किंमत कमी त्याचं अर्धं कारण हेच.

जून

अंगठा भाजला.

पिस्तूल धरायच्या सवयीनं डावा अंगठा पुढं लांबवला. रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर आणि नळी यांच्यात बारीक फट असते, तिथून दर गोळीला गरम वायू आणि शिशाचे कण बाजूला उडतात. मोठ्या रिव्हॉल्व्हरवर अंगठा तिथंवर सहसा पोचत नाही, छोट्यावर आपोआप पोचतो. जखम मोठी नव्हती, काळा पट्टा आणि दोन फोड. चूक सर्वस्वी माझी. आता डावा अंगठा उजव्या अंगठ्यावर दुमडून ठेवतो. चष्म्याशिवाय उभं राहू नका, शेजारच्या माणसालाही चष्मा घालायला लावा.

कानांचंही तेच. 'बावीसच आहे, काय आवाज असणार' म्हणून कान उघडे ठेवणारे बघितलेत. आखूड नळीतून बावीसचा स्फोटही १४० डेसिबलच्या वर जातो. माझे कान यंत्रमागाच्या खडखडाटानं निम्मे आधीच गेलेत, उरलेल्या निम्म्यांसाठी आत प्लग आणि वर मफ असं दुहेरी घालतो.

जुलै-ऑगस्ट

एवढी निंदा केल्यावर आता या वस्तूनं काय दिलं ते लिहायला पाहिजे.

सुभेदारांनी एक खेळ लावला. मी पाठ करून उभा राहायचं. ते सिलिंडरमध्ये काही जिवंत काडतुसं आणि काही रिकामी पुंगळी मिसळून भरणार, फिरवून बंद करणार, नळी टार्गेटकडेच ठेवून माझ्या हातात देणार. मला माहीत नाही पुढचं चेंबर भरलेलं की रिकामं. चाप दाबला, खट्ट आवाज आला, गोळी नाही, आणि माशी मात्र बोटभर खाली गेलेली. "वाकला!" सुभेदार ओरडले. पुन्हा. "वाकला!" आवाजाच्या आणि धक्क्याच्या भीतीनं मनगट आधीच खाली झुकत होतं, आणि गेली दोन वर्षं मी ते बत्तीसच्या धक्क्यावर ढकलत होतो. एप्रिलमधला तो खालचा डावा कोपरा हाच होता.

हा खेळ रिव्हॉल्व्हरवर जितका सहज जमतो तितका मॅगझिनच्या पिस्तुलावर नाही. आणि बावीसवर तो परवडतो. बत्तीसची काडतुसं महाग, शिवाय एका वेळी किती आणि वर्षाला किती हे परवान्यावर लिहिलेलं. ती अशी शिकण्यात उधळायला जीव होत नाही.

घरी करायचा सराव वेगळा, आणि तो मी वडिलांच्या बत्तीसवर करतो. काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात, नळी पक्क्या दगडी भिंतीकडे, माशीवर एक रुपयाचं नाणं ठेवायचं आणि नाणं न पाडता चाप दाबायचा. रोज तीस वेळा. छोट्या बावीसवर हे तसंच करू नका. रिमफायर रिकामं चालवलं की बऱ्याच जुन्या हत्यारांत पिन चेंबरच्या कडेवर आपटून खाच पाडते. क्लबच्या पीसमध्ये आम्ही भिंतीत स्क्रू बसवायला वापरतात त्या प्लास्टिकच्या गिट्ट्या घालतो. हार्डवेअरवाल्याकडे काडतूस नेऊ नका, कॅलिपरनं रिकाम्या पुंगळीची जाडी मोजून जा. दोन रुपयाला एक पडते, पाच-सहा वेळा चालते, मग फेकून द्यायची.

ऑगस्टअखेर नाणं डबल अ‍ॅक्शनला तीसपैकी सव्वीस वेळा टिकायला लागलं.

सप्टेंबर

कागदपत्रांचा महिना. घ्यायचं ठरलंच तर काय काय करावं लागेल ते विचारून आलो. सोलापूर शहरात परवाना पोलीस आयुक्तालयाच्या हातात, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांच्या. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीपासून एका माणसाच्या नावावर तीनऐवजी दोनच हत्यारं, आणि वारशानं आलेलंही त्यात धरलं जातं. माझ्याकडे एकच जागा उरली आहे. इथं माझ्या डोक्यात लख्ख झालं, किंमत पन्नास हजार नाहीच मुळी. किंमत म्हणजे ती उरलेली एक जागा. पैसे पुन्हा मिळतात, जागा मिळत नाही. उद्या चार-पाच इंची नळीचं, साइट सरकवता येणारं चांगलं बावीस समोर आलं, तर या खिशातल्या वस्तूला गिऱ्हाईक शोधत फिरावं लागेल. ते विकतानाही समोरच्याच्या परवान्यात जागा आणि दोघांच्याही कागदांवर शिक्के लागतात. निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि जमा करायचा आदेश निघाला की एकाऐवजी दोन हत्यारं घेऊन ठाण्यात रांगेत उभं राहायचं, ते वेगळंच.

परवान्याचं निघालं की नात्यातला कुणीतरी हमखास म्हणतो, "मामा, पोराच्या वरातीत आणा की, दोन बार काढू." त्याच दुरुस्तीत अशा हर्षवायूच्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. बावीसची २.६ ग्रॅमची गोळीसुद्धा दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. भाच्याला म्हटलं, बँजो लाव, मी पैसे देतो.

ऑक्टोबर

साफसफाईबद्दल दोन ओळी. बावीसची गोळी उघड्या शिशाची आणि मेण लावलेली. शंभर राउंडांनंतर चेंबरमध्ये इतका चिकट मळ साचतो की नवं काडतूस बोटानं ढकलावं लागतं. पितळी ब्रश, तेल आणि आपल्याच कारखान्यातले बाद टॉवेल. त्यात मात्र माझ्याकडे तोटा नाही. हात शिशाचे असतात, घरी जाऊन धुतल्याशिवाय भाकरीला लावायचे नाहीत.

नोव्हेंबर

सकाळी गारवा, हाताला घाम नाही. छोट्यावर ५० राउंड, १० मीटर, डबल अ‍ॅक्शन: ४४ काळ्यात, कागदाबाहेर एकही नाही. लगेच वडिलांचं बत्तीस हातात घेतलं. १२ राउंड, तेच अंतर. मार्चमध्ये ग्रुप, म्हणजे गोळ्यांच्या भोकांचा पसारा, १४ सेंटिमीटरचा होता, आता ७ भरला. सुभेदारांनी कागद घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवला. असं ते सहसा करत नाहीत.

डीलरला फोन लावला. "घेत नाही," म्हटलं. "का ओ मालक, आवडलं नाही का?" आवडलं की. पण ज्याला खेळ शिकायचाय त्यानं पहिलं हत्यार म्हणून हे घेऊ नये, दहातली नऊ माणसं तीन महिन्यांत वैतागून कपाटात टाकतील. त्यांनी परवाना न लागणारं साधं ४.५ मिमीचं एअर पिस्तूल घ्यावं आणि वर्षभर १० मीटरवर घाम गाळावा. आणि ज्याच्याकडे आधीच एक हत्यार आहे, माझ्यासारखं, त्यानं शेवटची जागा यावर खर्च करू नये. क्लबमध्ये असेल तर महिन्यातून एकदा कडू औषधासारखं घ्यावं. ज्याच्या परवान्यात दोन्ही जागा मोकळ्या आहेत, रेंज जवळ आहे आणि चिकाटी आहे, त्याला पन्नासच्या आत हे महाग नाही. असा एक माणूस मला माहीत आहे, पण तो आधीच घेऊन बसलाय.

डीलर म्हणाला, "बरं, लांब नळीचं आलं तर कळवतो."

"साइट सरकणारी असेल तरच," म्हटलं.

पुढची नोंद आमच्या सोलापूरची गड्ड्याची यात्रा झाल्यावर. तोवर बत्तीस १५ मीटरवर न्यायचं आहे, आणि नाण्याचा आकडा तीसपैकी तीसवर.