तुम्ही विचारलंत म्हणून: भिंतीवरचा तो पतंग

पावसाळा लागला की कुडाळ, दोडामार्ग, कधी पेडण्याहून माझ्या फोनवर फोटो येऊ लागतात. ओसरीच्या भिंतीवर पसरलेल्या हाताएवढं, विटकरी रंगाचं काहीतरी बसलेलं असतं आणि खाली प्रश्न: "केवढं हे फुलपाखरू! ॲटलास ना?"

फुलपाखरू नव्हे, पतंग. मिशा बघा. फुलपाखराच्या मिशीला टोकाशी गाठ असते, याच्या मिशा पिसासारख्या. नराच्या तर फारच भरदार, कारण मादीने सोडलेला गंध त्याला अंधारात दुरून हुंगायचा असतो.

आता नाव. सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या स्वीडनच्या लिनियसने १७५८ साली याच्या एका भावाला 'ॲटलास' म्हटलं, तेव्हा बहुतेक पतंग 'फॅलिना' या एकाच मोठ्या गटात कोंबलेले होते. आज तो 'ॲटॅकस' या प्रजातीत आणि 'सॅटर्निडी' कुळात आहे. विदर्भात ऐन-अर्जुनावर वाढणारा टसर रेशमाचा पतंग याच कुळातला. तुतीच्या रेशमाचा किडा मात्र दुसऱ्या कुळातला.

पण दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत 'ॲटॅकस टॅप्रोबॅनिस' ही वेगळी जात आहे. टॅप्रोबेन हे ग्रीकांनी श्रीलंकेला दिलेलं जुनं नाव. या दोन जाती दिसायला इतक्या सारख्या, की दक्षिण कोकणातल्या फोटोखाली मी नुसत्या रंगावरून 'ॲटलास' लिहीत नाही. 'ॲटॅकस' एवढंच लिहिते. तेवढं नक्की असतं.

मला सर्वांत जास्त आवडतात त्या पंखांवरच्या खिडक्या. चारही पंखांवर एकेक तिकोनी, पारदर्शक तुकडा. तिथे पंखाचे खवलेच जवळजवळ नसतात. चुन्याच्या भिंतीवर बसला की खिडकी पांढरी, चिऱ्यावर बसला की तांबडी. पुढच्या पंखाचं टोक बाकदार, त्यावर काळा ठिपका; बाजूने पाहिलं तर थेट सापाचं डोकं. हात पुढे केला की तो पंख हळूहळू हलवतो, तेव्हा ते डोकं डोलतं. मी दरवेळी दचकते.

आणखी एक. कुणी त्याच्यापुढे झाकणात साखरपाणी ठेवतं. माया कळते, पण त्याला खाता येईल असं तोंडच नसतं. सुरवंट असताना दालचिनीसारख्या झाडांची पानं खाऊन साठवलेल्या चरबीवर तो आठवडा-दोन आठवडे काढतो. त्यातली एक रात्र तुमच्या बल्बभोवती जाते. दिवा तेवढा मालवा, तो आपणहून जाईल.