ब्रशलेस मोटर, थ्री-एस बॅटरी आणि नागपूरचा मे महिना

आरसी, म्हणजे रिमोटने चालणाऱ्या, गाडीची ब्रशलेस (कार्बन ब्रश नसलेली) मोटर किती तापली की थांबायचं, हे ज्याला विचारलं त्याने वेगळा आकडा सांगितला. कुणी ६० अंश म्हणालं, कुणी थेट १००. मोटरसोबत आलेल्या कागदावर 'जास्त तापू देऊ नये' एवढंच छापलेलं. माझी गाडी १/१० मापाची, चारही चाकांना ताकद जाणारी. मोटर ३६५० मापाची, म्हणजे ३६ मिमी व्यास आणि ५० मिमी लांबी, ३३०० केव्ही, म्हणजे दर व्होल्टमागे मिनिटाला ३३०० फेरे. ती टू-एस लिपोवर, म्हणजे दोन सेलच्या लिथियम-पॉलिमर बॅटरीवर, ७.४ व्होल्टवर, बिनतक्रार चालत होती. भाच्याला थ्री-एस हवी होती, म्हणजे तीन सेलची, ११.१ व्होल्ट, आणि तीही नागपूरच्या मे महिन्यात. बॅटरी लावण्याआधी तापमानाचा हिशेब नीट समजून घ्यायचा असं मी ठरवलं.

आमच्याकडे मोटरबद्दल काही शंका आली की माणूस विहिरीच्या पंपाच्या मोटरी भरून देणाऱ्याकडे जातो. मीही ती हातात घेऊन गेलो. त्याने तारांची टोकं निरखून पाहिली. "तार इतक्यात नाही जळत भाऊ. वार्निशचा वास आला तर समजा गेली." त्याचं म्हणणं खरंच आहे. वाइंडिंगच्या, म्हणजे तारेच्या गुंडाळीच्या, इन्सुलेशनचे वर्ग ठरलेले असतात: बी १३० अंशांचा, एफ १५५ चा, एच १८० चा. तांब्याच्या बाजूने पाहिलं तर १०० अंश म्हणजे काहीच नाही.

पण पंपाची मोटर इंडक्शनची असते, तिच्या रोटरमध्ये चुंबक नसतं. ब्रशलेसच्या रोटरवर निओडिमियमची चुंबकं बसवलेली असतात, आणि आधी दम सोडतात ती हीच. साध्या ग्रेडच्या निओडिमियमची मर्यादा ८० अंशांच्या आसपास असते. एच ग्रेडची १२०, एसएच ग्रेडची १५०. मर्यादा ओलांडली आणि त्याच वेळी वाइंडिंगचं उलटं चुंबकीय क्षेत्र जोरात असलं, की चुंबकाची थोडी ताकद कायमची जाते. मोटर थंड झाली म्हणून ती परत येत नाही. कमजोर झालेली मोटर नुसती हवेत फिरवली तर उलट जास्त वेगाने फिरते, त्यामुळे ओळखू येत नाही. जमिनीवर मात्र तेवढ्याच जोरासाठी ती जास्त अँपिअर ओढते आणि आणखी तापते. मोटरचं वय याच आकड्यावर ठरतं, म्हणून मला तो इतका महत्त्वाचा वाटला.

माझ्या मोटरवर चुंबकाची ग्रेड कुठेच लिहिलेली नाही. शिवाय आपण मोजतो ती बाहेरची डबी. आतली तार नेहमीच तिच्याहून गरम असते. दोन्ही गोष्टी धरून मी माझ्यासाठी हद्द आखली: डबीवर ८० पर्यंत निवांत, ९० ला गाडी थांबवायची.

आता मोजायचं कसं? "मामा, हात लावून पाहा ना!" भाच्याचा उपाय सोपा होता. पण धातू ६० अंशांचा असला तरी हात झटकन मागे येतो आणि १०० चा असला तरी येतो, हाताला त्यातला फरक कळत नाही. घरात कोविडच्या वेळची कपाळावर धरायची गन होती, ती बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे मोजत नाही. शेवटी कारखान्यात वापरतात तशी इन्फ्रारेड गन आणली. तिचंही एक पथ्य आहे. चकचकीत ॲल्युमिनियममधून उष्णतेचे किरण कमी बाहेर पडतात, त्यामुळे गन कमी आकडा दाखवते. डबीच्या उघड्या धातूवर ४८ दिसत होते आणि तिथेच चिकटवलेल्या काळ्या इन्सुलेशन टेपवर ७६! दोन आकड्यांमध्ये २८ अंशांचं अंतर बघून मी चरकलोच. लोकांचे आकडे एकमेकांशी का जुळत नाहीत, याचं निदान एक कारण तरी हेच असणार. तेव्हापासून टेपचा तो चौकोन मोटरवर कायम आहे आणि मोजमाप फक्त तिथेच, गन अगदी जवळ धरून. गाडी थांबल्यावर वारा बंद होतो आणि आतली उष्णता बाहेर येत राहते, म्हणून एक-दोन मिनिटांनी पुन्हा मोजायचं. मोठा आकडा या दुसऱ्या वेळचाच असतो.

मग हवामान. मोटर हवेपेक्षा किती अंश वर गेली हे पाहायचं. डिसेंबरच्या सकाळी १५ अंशांत जी मोटर ७५ ला थांबते, ती हवेपेक्षा ६० ने वर आहे. तीच मोटर, तेच मैदान, तोच वेग, पण हवा ४४ ची असेल तर हिशेब १०४ वर जातो. खरं तर त्याच्याही थोडा पुढे, कारण तांबं तापलं की त्याचा विद्युतरोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. थंड मुलखातल्या लोकांचं गिअरिंग (मोटर आणि चाकांमधल्या गिअरच्या दात्यांचं प्रमाण) जसंच्या तसं उचलून विदर्भातल्या मेमध्ये चालवता येत नाही, ते यामुळे.

खरा उपाय पिनियनमध्ये, म्हणजे मोटरच्या दांड्यावरच्या छोट्या गिअरमध्ये, निघाला. टू-एसवर १५ दात्यांचं पिनियन होतं. थ्री-एससाठी आधी १३ चं लावलं. भल्या सकाळी, हवा ३३ अंश, मैदान टणक. पाच मिनिटांत टेपवर ९७. गाडी लगेच उचलली. मग ११ चं बसवलं. चाकाला तेवढाच रेटा द्यायला मोटरला आता ११/१३ इतकाच जोर लावावा लागतो, अँपिअरही त्याच प्रमाणात उतरतात, आणि तांब्यातली उष्णता अँपिअरच्या वर्गाने बदलते, म्हणजे साधारण ७२ टक्क्यांवर येते. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, तेवढ्याच हवेत टेपवर ७९ आले. आधी हवेपेक्षा ६४ अंश वर होती, आता ४६. कागदावरचं गणित मातीत इतकं जुळलेलं पाहून मला फार आनंद झाला. वेगाचं म्हणाल तर ११ दाते आणि थ्री-एस मिळून गाडी जुन्या टू-एसपेक्षा अजूनही दहा टक्के पुढेच आहे, त्यामुळे भाच्याचीही कुरकुर नाही.

पिनियन बदललं की मोटर सरकवून दाते पुन्हा जुळवावे लागतात. दोन्ही गिअरच्या मधे कागदाची पट्टी धरायची, मोटर दाबून स्क्रू आवळायचे आणि पट्टी फिरवून काढून घ्यायची. दाते घट्ट बसले तरी मोटर तापते, चाकाचं एखादं बेअरिंग अडकलं तरी तापते. उंच गवत तर सगळ्यात वाईट.

हीटसिंक आणि पंखा मी नंतर लावला. पंख्याने काही अंश उतरतात, नाही असं नाही. पण गिअरिंग चुकलेलं असताना पंखा लावणं मला पटत नाही; डबी थोडी गार दिसते आणि आत रोटर तापतच राहतो, कारण त्याची उष्णता बाहेर यायला हवेची फट आणि बेअरिंग एवढीच वाट असते. आमच्या काळ्या मातीची धूळ पंख्यात भरते ते वेगळंच.

आता ११ चं पिनियन कायम आहे. ४४ च्या दुपारी याच हिशेबाने मोटर ९० वर जाईल, म्हणून मेमध्ये गाडी सकाळीच निघते. पुढची मोटर सेन्सरवाली घेणार आहे. तिच्या सहा तारांच्या केबलमधली एक तार आतल्या थर्मिस्टरची, म्हणजे तापमान मोजणाऱ्या भागाची, असते, आणि ईएससीमध्ये (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या कंट्रोलरमध्ये) तशी सोय असेल तर ठरवलेल्या तापमानाला तो स्वतःच मोटरची ताकद तोडतो.