तुम्ही विचारलेत म्हणून: समजुतीने वेगळे होताना मी काय सोडले?

आमचा विवाह न्यायालयात न भांडता, वाटाघाटीने ठरवलेल्या लेखी करारावर संपला हे कळले, की बहुतेक जण मला एकच प्रश्न विचारतात: "मग तुम्ही काय सोडून दिलेत?" विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. भांडण झाले नाही, त्याअर्थी दोघांपैकी एकाने, आणि बहुधा बाईनेच, मुकाट्याने कमी घेतले असणार, असा तर्क त्यामागे असतो. मी एक गोष्ट सोडली हे खरे आहे, पण ती पैशांतली नव्हती. चूक कोणाची होती, हे अधिकाराच्या जागेवर बसलेल्या तिसऱ्या माणसाच्या तोंडून ऐकण्याची अपेक्षा मी सोडली.

ही गोष्ट लहान नाही. आपण जे सोसले ते कोणीतरी मान्य करावे, ही भूक मोडत्या संसारात पैशांच्या भुकेपेक्षाही मोठी असू शकते, आणि मालमत्तेसाठी चाललेल्या पुष्कळ दाव्यांच्या मुळाशी तीच असते असे माझे मत आहे. पण कायद्याने स्वतःच हा प्रश्न हळूहळू बाजूला ठेवलेला आहे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी १९७० पासून घटस्फोटासाठी कोणाचा दोष सिद्ध करावा लागत नाही. भारतात हिंदू विवाह कायद्यात परस्पर संमतीचे कलम १३-ब १९७६ साली आले. इंग्लंड आणि वेल्समध्ये मात्र, वेगळे राहून किमान दोन वर्षे थांबायचे नसेल तर जोडीदारावर दोष ठेवावाच लागे, आणि तो नियम ६ एप्रिल २०२२ रोजी गेला. जिथे दोष अजूनही सिद्ध करावा लागतो, तिथेही पैशांचा आणि मुलांचा निर्णय बहुतांशी गरज, उत्पन्न आणि मुलांचे हित पाहूनच होतो. म्हणजे ज्या निवाड्यासाठी माणूस वर्षानुवर्षे तारखा घेत राहतो, तो जिंकूनही त्याच्या हाती पडेलच असे नाही.

समजुतीचा मार्ग सौम्य असतो, हा गैरसमज दूर केला पाहिजे. आमच्या बैठकांत आवाज चढले आहेत आणि एकदा बैठक अर्ध्यावर थांबवावीही लागली आहे. मध्यस्थ निर्णय देत नाही आणि कोणा एकाची बाजूही घेत नाही. म्हणून दोघांचे वकील वेगळे असणे मी अत्यावश्यक मानते. अमेरिकेतल्या मिनियापोलिसचे वकील स्टुअर्ट वेब यांनी १९९० मध्ये याहून कडक रीत सुरू केली. तीत दोन्ही वकील आधीच लिहून देतात, की बोलणी फिसकटून प्रकरण न्यायालयात गेले तर आपण दोघेही बाजूला होऊ. बोलणी मोडल्यास वकिलांचेही काम जाते, त्यामुळे ती टिकवण्यात त्यांचेही हित गुंतते.

पहिले काम कागद उघडे करण्याचे असते. खाती, पगार, कर्जे, गुंतवणुका, विमा, निवृत्तीनंतरचे पैसे, या सगळ्यांची यादी दोघांनी पुराव्यासह समोर ठेवल्याशिवाय कशाच्याही वाटणीवर बोलू नये. दुसरे काम वकिलाला स्पष्ट विचारण्याचे: हे प्रकरण न्यायालयात गेले तर मला साधारण कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती मिळेल? ही मर्यादा ठाऊक नसलेला माणूस उदार आहे की फसतो आहे, हे त्याचे त्यालाही कळत नाही. माझ्या वाट्याला जे आले ते या मर्यादेच्या आत आहे, "काय सोडलेत?" या प्रश्नाचे हिशेबी उत्तर एवढेच.

घराबाबत आम्ही दोघेही "घर मलाच हवे" यावर अडून होतो. मध्यस्थाने कशासाठी हवे ते विचारले, तेव्हा दोन वेगळी कारणे निघाली. मला मुलाची शाळा बदलायची नव्हती, आणि नवऱ्याला घरात घातलेली आपली बचत बुडण्याची भीती होती. मुलाची शाळा संपेपर्यंत मी तिथे राहावे, नंतर घर विकावे आणि नवऱ्याचा हिस्सा त्या वेळच्या बाजारभावाने ठरावा, असे ठरल्यावर दोघांचेही भागले. अर्थात घरावर संयुक्त कर्ज असेल तर एक गोष्ट विसरू नये: हप्ते कोण भरणार हे पती-पत्नींनी आपसात कितीही नीट लिहिले, तरी बँक त्या करारात पक्षकार नसते, आणि हप्ता चुकला तर ती दोघांच्याही दारात येते. बँकेच्या संमतीने कर्ज एकाच्या नावावर करून घेणे, किंवा ते फेडूनच टाकणे, हाच त्यावरचा खरा उपाय.

सर्वांत जास्त वेळ एका वाक्याने खाल्ला. मूल लहान असताना मी काही वर्षे नोकरी सोडली होती, आणि त्यामुळे माझे जे नुकसान झाले त्याचा उल्लेख करारात व्हावा असा माझा हट्ट होता. तो उल्लेख आपल्यावरील आरोप आहे असे नवऱ्याला वाटत होते, आणि मला तो तसा हवाही होता. वाक्य अनेकदा लिहिले गेले आणि खोडले गेले. शेवटी माझ्या वकिलांनी विचारले, की या वाक्याने तुम्हाला काय मिळायला हवे? त्यातून माझ्या पुढील प्रशिक्षणाचा खर्च आणि ठरावीक मुदतीपर्यंतची मासिक रक्कम असे कलम तयार झाले. वाक्य गेले. त्याचे मला अनेक महिने वाईट वाटत राहिले. रक्कम मात्र वेळेवर येत राहिली.

खर्च कमी येतो का, असेही विचारतात. बहुधा येतो, पण दोन वकील, मध्यस्थ आणि घराचे मूल्यांकन यांचे पैसे लागतातच.

हा मार्ग सर्वांसाठी नाही, हे मी प्रत्येक वेळी सांगते. जिथे मारहाण आहे, धाक आहे, किंवा एक जण दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिल्याशिवाय बोलू शकत नाही, तिथे एका टेबलाशी बसवणे म्हणजे दुबळ्याला पुन्हा त्याच खोलीत ढकलणे होय. तिथे संरक्षणाचा आदेश आधी हवा. जोडीदार पैसे लपवत असेल आणि कागद मागूनही देत नसेल, तर ते उघड करायला लावणारी सक्ती न्यायालयाकडेच असते. आणि मुलाच्या पोटगीचा हक्क आई-वडिलांनी आपसात सोडून द्यायचा नसतो. तसे लिहिले तरी न्यायालय ते मान्य करीलच असे नाही.

मुलाच्या बाबतीत मात्र करारात जितके बारकाईने लिहाल तितके थोडेच. आजारपणात कोणी रजा घ्यायची, एकाला दुसऱ्या गावी बदली मिळाली तर काय करायचे, नव्या जोडीदाराची ओळख कधी करून द्यायची, हे आम्ही लिहून ठेवले आहे. मूल मोठे झाले की त्याचे मत विचारून वेळापत्रक नव्याने ठरवायचे, असेही एक कलम आहे. त्यावरची बोलणी सध्या चालू आहेत, आणि मोठ्या सुट्टीच्या वाटणीवर आमचे अजून एकमत झालेले नाही.